अस्वलाचा ट्रक आणि न आलेलं इंजिन

एका घाटमाथ्यावरच्या जंगलात एक अस्वल राहत असे, आणि मुलांनो, त्या अस्वलाजवळ एक छोटा ट्रक होता. अस्वलाला ट्रक कुणी दिला, लायसन कुठून मिळालं, असले प्रश्न विचारायचे असतील तर गोष्ट इथेच थांबवतो. ट्रक होता. त्याचं डिझेल इंजिन जुनं होतं. सकाळी चालू होताना ते खोकायचं, आणि चढावर असं कण्हायचं की ऐकणाऱ्याला वाटावं, खाली उतरून याला जरा पाणी पाजावं.

त्या ट्रकाचं काम एकच होतं. फाल्गुन सरला की माथ्यावरची तळी आटत. पाणी उरे ते फक्त घाटाखालच्या तलावात, आणि तिथवरची वाट कारवीच्या दाट रानातून जाई. त्या रानात एक बिबट्या होता. मोठी जनावरं धावत जात, पाणी पीत आणि धावत परत येत. पिल्लांना ते जमण्यासारखं नव्हतं. म्हणून रोज सकाळी अस्वल हरणांची, सशांची, रानडुकरांची पिल्लं ट्रकात चढवी, मागची फळी लावी आणि त्यांना तलावावर नेऊन आणी. ट्रक आल्यापासून बिबट्याला एकही पिल्लू मिळालं नव्हतं. तो रस्त्याकडेच्या खडकावर बसून ट्रक जाताना नुसता पाहत राही. पिल्लं फळीच्या फटीतून त्याला पाहत आणि एकमेकांना चिकटून बसत.

घाट उतरायची अस्वलाची एक रीत होती. ती त्याला त्याच्या बापाने शिकवली होती: ज्या गिअरने चढायचं, त्याच गिअरने उतरायचं. उतारावर गाडी पळू पाहते. ती खालच्या गिअरमध्ये असली की इंजिनच तिला मागे धरून ठेवतं, आणि ब्रेकवर सगळा भार येत नाही. मग इंजिन उतारभर घुं घुं करत राहतं. माथ्यावरच्या कड्याशी एक हरिणी तो आवाज ऐकत उभी असे. तिचं एकुलतं एक पाडस त्या ट्रकात असे. स्वभावाने ती इतकी भित्री की पान हललं तरी दचकायची. पण ती घुं घुं ऐकू येत असेपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर असे.

आता त्या जंगलात ट्रकचे शौकीनही पुष्कळ होते. संध्याकाळी अस्वल जांभळीखाली ट्रक उभा करी, आणि त्याच्याभोवती ही मंडळी जमत. वानरं टपावर चढत. कावळा आरशावर बसे. कोल्हा चाकाला टेकून बसे आणि सगळ्यांना इंजिनाविषयी सांगे. कोल्ह्याने जन्मात स्टिअरिंगला पंजा लावला नव्हता, पण बोलायला लागला की वाटावं, हा आत्ताच कारखान्यातून जेवून आला.

एका संध्याकाळी कावळा शहरातून बातमी घेऊन आला. "नवं डिझेल इंजिन येतंय. खास छोट्या ट्रकांसाठी. वजनाला हलकं, ताकद मोठ्या गाडीची, आणि आवाज म्हणाल तर मांजराच्या पावलांइतका."

मांजराच्या पावलांचं नाव निघताच एका सशाने कारवीकडे पाहून घेतलं. बाकी सगळे मात्र खुळावले. त्या दिवसापासून जांभळीखाली दुसरा विषय निघेना. सिलिंडर तीन असणार की चार, यावरून दोन वानरांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. कोण म्हणे वैशाखात येणार, कोण म्हणे पाऊस पडून गेल्यावर. आणि हळूहळू त्या आनंदात एक भीती शिरली. इंजिनं थोडीच आली तर? शेजारच्या जंगलाने आधी उचलली तर? आपण राहिलो तर? अस्वलाला रात्री झोप लागेना. ज्या इंजिनाला ते रोज सकाळी थोपटून चालू करी, त्याचा खोकला आता त्याला लाजिरवाणा वाटू लागला.

कोल्हा एकदा हळूच म्हणाला, "हे बघा अस्वलराव, नवं इंजिन असं कुणालाही देत नाहीत. जुनं घेतात, वाजवून बघतात. जुनं धडधाकट असलं तरच बदली नवं. तुमचं तर रोज उतारावर बोंबलतं. असं किती दिवस टिकेल?"

अस्वल म्हणालं, "मग करू काय?"

"चढावर त्याच्याशिवाय इलाज नाही. पण उतारावर त्याला कशाला राबवता? गाडी आपोआप उतरते की. गिअर काढा, न्यूट्रल टाका, इंजिनाला विश्रांती द्या."

"बाप म्हणायचा..."

"तुमच्या बापाच्या वेळी नवं इंजिन येत होतं का?" कोल्ह्याने विचारलं. यावर अस्वलाला काही उत्तर सुचलं नाही. उत्तर न सुचणं आणि समोरच्याचं खरं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मोठ्यांनाही कळत नाही, तर अस्वलाचं काय घेऊन बसलात.

दुसऱ्या दिवशी त्याने घाटाच्या तोंडाशी असलेल्या छोट्या उतारावर न्यूट्रल टाकून पाहिलं. काही झालं नाही. ट्रक तर उलट पाण्यावरून गेल्यासारखा गेला. कड्यावर हरिणीचे कान ताठ झाले, कारण तेवढ्या तुकड्यात आवाज आला नव्हता. ट्रक परतल्यावर तिने विचारलं, "दादा, मघा गाडी मुकी का झाली होती?"

"इंजिनाला जरा विसावा दिला, ताई."

"पण मग गाडीला धरतं कोण?"

"ब्रेक आहेत ना. तू उगाच घाबरतेस." टपावरची वानरं हसली. भित्र्या माणसाचं एक वाईट असतं मुलांनो, तो खऱ्या कारणाने घाबरला तरी लोक त्याला सवयीनेच हसतात. हरिणी खाली मान घालून पाडसाला घेऊन गेली.

मग कावळ्याने शेवटची मोठी बातमी आणली. नव्या इंजिनाची गाडी घाटात चाचणीला निघाली आहे. कुणी ओळखू नये म्हणून तिला वरून झाकलेलं असतं, आणि ती माथ्याकडून खाली येईल, बहुतेक उद्याच. झालं. सकाळ होताच सगळे शौकीन आडवाटेने घाटातल्या मधल्या मोठ्या वळणावर जाऊन बसले. वानरांनी पळसाच्या फुलांचे हार केले होते. कोल्हा सर्वांच्या पुढे, रस्त्याच्या मधोमध उभा राहिला.

इकडे माथ्यावर ऊन कडक होतं. पिल्लांना चटका बसू नये म्हणून आयांनी ट्रकावर हिरव्या फांद्या आडव्या टाकून त्या वेलींनी बांधल्या. अस्वलाला घाई होती. आपणही वळणावर थांबून ती गाडी पाहू, असं त्याच्या मनात होतं. आणि ती गाडी आणणारे लोक आपलं इंजिन ऐकतील, तेव्हा ते ताजंतवानं असलेलं बरं. घाटाच्या तोंडाशी त्याने गिअर काढला, आणि आज तो परत टाकलाच नाही.

ट्रक घरंगळू लागला. वारा सुटला. पिल्लं खूश झाली. पाडसाने मागच्या खिडकीतून तोंड घालून विचारलं, "मामा, नवं इंजिन बसवलंत?"

"लवकरच," अस्वल म्हणालं. त्याने पहिल्या वळणावर ब्रेक दाबला, दुसऱ्यावर दाबला, मग दाबतच राहिलं. थोड्या वेळाने जळक्या रबरासारखा वास आला. पुढच्या वळणावर ब्रेक नेहमीपेक्षा खोल गेला. त्याच्यापुढच्या वळणावर पाय थेट तळाला टेकला आणि ट्रकाने त्याची दखलच घेतली नाही.

अस्वलाने गिअर टाकायला पाहिलं. आतून नुसती कर्र कर्र झाली. इतक्या वेगात खालचा गिअर पडत नाही, हे त्याला ठाऊक होतं, तरी त्याने पुन्हा पुन्हा दांडा ओढला. हँडब्रेक खेचला, तो हातात आल्यासारखा सैल लागला. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी. दरीच्या कडेला बिबट्या बसला होता. आज तो उठून उभा राहिला.

"मामा, हळू चालवा," पाडस म्हणालं. अस्वलाने दोन्ही पंजांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. त्याला इतकी भीती वाटत होती की तोंड उघडलं तर आपण रडू, हे त्याला कळत होतं. मागे पिल्लं एकमेकांवर आदळत होती. फांद्या तुटून उडत होत्या.

कड्यावर हरिणीला काहीच ऐकू येत नव्हतं. तिने वाट पाहिली. छोटा उतार संपला असेल, आता आवाज येईल. आला नाही. सबंध घाट मुका होता. ती धावत सुटली. कारवीतून जाणारी, वळणं तोडून उतरणारी ती आडवाट होती, बिबट्याची वाट. एरवी त्या वाटेकडे नुसतं पाहूनही तिचे पाय कापत.

मधल्या वळणावर वानरांनी वर पाहिलं. हिरव्या फांद्यांनी झाकलेला एक ट्रक, कसलाही आवाज न करता, भन्नाट वेगाने खाली येत होता.

"आलं," कोल्हा म्हणाला. "बघा, मी सांगत होतो. आवाज आहे का? वेग बघा." सगळे शौकीन हार घेऊन रस्त्यावर उतरले.

तेवढ्यात कारवीतून हरिणी बाहेर पडली. अंग ओरबाडलेलं, तोंडाला फेस. "बाजूला व्हा," ती म्हणाली. "ती नवी गाडी नाही. त्यात आपली पिल्लं आहेत."

कुणी हललं नाही. जे पाहायचं ठरवून आले होते, तेच त्यांना दिसत होतं. मग वाऱ्याबरोबर पिल्लांचं रडणं खाली आलं. तेव्हा कुठे वानरांनी हार टाकले आणि झाडं गाठली. कोल्हा मात्र तसाच उभा होता. हरिणीने त्याला डोक्याने ढुशी दिली आणि गटारात लोटलं.

रस्ता मोकळा झालेला अस्वलाला दिसला. वळण घेणं शक्यच नव्हतं, घेतलं असतं तर ट्रक दरीत गेला असता. त्याने स्टिअरिंग डोंगराच्या बाजूला वळवलं आणि ट्रक डोंगरालाच घासत नेला. दगड उडाले, पत्रा फाटला, मुरमाच्या ढिगात नाक खुपसून ट्रक थांबला.

सगळी पिल्लं जिवंत होती. हे लगेच सांगून टाकतो, कारण तुमच्यातल्या दोघा-तिघांचे चेहरे मला दिसतात. कुणाला खरचटलं होतं, एका सशाच्या पिल्लाचा कान फाटला होता. पाडस आईच्या पोटाखाली शिरलं, ते संध्याकाळपर्यंत बाहेर आलं नाही. अस्वलाचा पाय स्टिअरिंगखाली मोडला होता. आणि इंजिन एका खडकावर आदळून उभं चिरलं होतं. त्यातलं तेल रस्त्यावर पसरत होतं.

अस्वल त्याच्याजवळ बसून होतं. हरिणी आली. तिला पुष्कळ बोलायचं होतं, पण तिने एवढंच विचारलं, "दादा, उद्या पिल्लं पाणी कशी पिणार?"

अस्वलाने तिच्याकडे पाहिलं आणि ते रडायला लागलं.

उत्तर एकच होतं. पिल्लं चालत जाणार. तेव्हापासून रोज सकाळी आया पिल्लांना मध्ये घेऊन घाट उतरू लागल्या. पुढे अस्वल, मोडक्या पायाने, काठी टेकत. बिबट्या आता खडकावर बसत नसे. तो दिसतच नसे, आणि ते जास्त वाईट होतं. कारवी हलली की सगळी ओळ थिजून उभी राही. वाऱ्याने हलली की आणखी कशाने, हे समजेपर्यंत कुणी श्वास घेत नसे.

अशाच एका सकाळी कावळा धापा टाकत उडत आला आणि ओळीच्या वरच्या फांदीवर बसला. "आलं," तो ओरडला. "इंजिन आलं. शहरात. मी डोळ्यांनी पाहिलं. अस्वलराव, तुमचं जुनं घेऊन चला, बदली मिळेल."

अस्वलाने वर पाहिलं नाही. त्याचे डोळे उजव्या हाताच्या कारवीवर खिळले होते. तिथली एक काठी नुकतीच हलली होती, आणि वारा पडलेला होता.

"हळू बोल," ते म्हणालं. "पिल्लं चालतायत."

तात्पर्य : नव्याची वाट खुशाल पाहावी, पण ते दारात येऊन उभं राहीपर्यंत, आपल्याला आज उतारावर धरून ठेवणाऱ्या जुन्याला सोडू नये.