जांभळीखालची सावली

फार पूर्वीची गोष्ट आहे. किती पूर्वीची ते मला विचारू नका, तेव्हाचे हिशेब आता नदीलाही आठवत नसतील. एका संथ नदीच्या काठी एक गाव होतं आणि त्या गावाला पाण्यावर हिंडायची भारी हौस होती.

सुगी आटोपली आणि धान्य कणगीत पडलं, की एक दिवस सगळं गाव होड्यांत बसायचं. मासळीसाठी नाही, बाजारासाठी नाही, नुसतं मजेसाठी. वल्हवत जायचं, काठावरची झाडं बघायची, गाणी म्हणायची, खालच्या बेटावर जेवायचं आणि उन्हं कलली की घरी परतायचं. या सहलीला ते ‘फेर’ म्हणत. फेराच्या दिवशी सहसा कुणी भांडत नसे. भांडलंच, तर तरातरा उठून निघून जायला होडीत जागा नसते, त्यामुळे भांडण आपोआप मिटे.

फेराची एक रीत होती. सर्वांत पुढे एका माणसाची हलकी होडी असे. ती प्रत्येक वळणावर थांबे. मागची सगळ्यात शेवटची होडी नजरेत आली, की पुढचा माणूस वल्हं उभं धरी आणि मगच पुढे निघे. वाटेत एका जागी नदीचे दोन फाटे होत. दर पावसाळ्यात नदी आपला गाळ कधी या फाट्यात टाके, कधी त्या. यंदा कुठला फाटा मोकळा आहे ते पुढच्याने चाचपून बघायचं आणि सगळे येईपर्यंत त्याच्या तोंडाशी उभं राहायचं. शेवटची होडी असे तान्हूकाकीची. तिच्यात गावाचं जेवण असल्यामुळे ती सर्वांत जड आणि सर्वांत सावकाश. आणि सगळ्या होड्या एकत्र जमल्याशिवाय काकी भाकरीचं फडकं सोडत नसे. मग कुणी कितीही तोंड वेडंवाकडं करो.

वर्षानुवर्षं पुढची होडी येसबा चालवत. त्यांचे खांदे धरायला लागले, तेव्हा त्यांनी ती हैबतीच्या हवाली केली. हैबती गावातला सगळ्यात तगडा वल्हेकरी. त्याच्या हातात वल्हं आलं की होडी पाण्याला टेकते की नाही अशी शंका यावी. मनानेही चांगला होता. फक्त एक गोष्ट त्याला फार दिवस सलत होती.

ती गोष्ट म्हणजे जांभळीखालची सावली.

त्याचं असं होतं, की बेटावर जांभळीचं एकच मोठं झाड होतं. बाकी सगळी वाळू. नदीच्या खालच्या अंगाला दुसरं एक गाव होतं, तेही त्याच दिवशी बेटावर जेवायला येई. जे गाव आधी पोहोचेल त्याची सावली, असं दोन्ही गावांत ठरलेलं होतं. आणि हैबतीचं गाव वळणावळणावर थांबत, गात, रमतगमत येणारं. त्यामुळे दर वर्षी खालचं गाव सावलीत ढेकर देई आणि हे गाव उन्हात डोक्यावर पदर-पंचे घेऊन जेवे. हैबतीला ते बघवत नसे.

‘यंदा सावली आपली,’ असं त्याने मनाशी पक्कं केलं.

पहिल्या दोन वळणांवर तो रीतीप्रमाणे थांबला. पण काकीची होडी काही केल्या दिसेना. ती दिसली तेव्हा काकी वल्हं बाजूला ठेवून काठावरच्या बगळ्याला काहीतरी सांगत होती. हैबतीच्या तळव्यांना मुंग्या आल्या. त्याने विचार केला, ‘सावली धरायला सगळं गाव कशाला हवं? एक माणूस पोहोचला तरी पुरे. मी जाऊन बसतो, मागून येऊ देत सावकाश.’

विचार गावाच्या भल्याचाच होता, हे मान्य केलं पाहिजे. चुकीचे विचार पुष्कळदा असेच चांगले कपडे घालून येतात.

तिसऱ्या वळणावर तो थांबला नाही. फाट्याशी त्याने वल्हं खुपसून बघितलं. उजवा फाटा रुंद दिसत होता, पण तळाशी गाळ होता. डावा लव्हाळ्यांत लपलेला, पण खोल होता. तो डावीकडे वळला. तिथे उभं राहायला हवं हे त्याला आठवलं, नाही असं नाही. ‘गावाला काय डोळे नाहीत?’ असं म्हणून त्याने वल्हं पाण्यात घातलं.

बेटावर तो सगळ्यांच्या आधी पोहोचला. जांभळीच्या बुंध्याशी पाय पसरून बसला. काय थंडगार सावली होती ती! त्याला वाटलं, आता सगुणा येईल, आपली बायको, आणि म्हणेल, माझ्या नवऱ्याने गावाला सावलीत जेवू घातलं.

थोड्या वेळाने खालचं गाव आलं. त्यांचा म्होरक्या धोंडजी कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

“यंदा तुम्ही आधी आलात म्हणायचं,” तो म्हणाला. “गाव कुठं आहे?”

“येतंय मागून.”

“बरं, बरं.” धोंडजी हसला आणि आपल्या लोकांना घेऊन वाळूत बसला. त्यांनी शिदोऱ्या सोडल्या. पोरं पाण्यात उतरली, म्हातारे गप्पांत रंगले. भाजलेल्या वांग्याचा वास जांभळीखाली आला. हैबतीला सडकून भूक लागली होती, पण त्याची भाकरी काकीच्या होडीत होती. धोंडजीने पानावर वाढून आणलं, तर त्याने मान हलवली. आपलं गाव जमल्याशिवाय घास कसा घ्यायचा?

सावली सरकली, तसा तोही सरकला. नदीचं वरचं अंग रिकामंच होतं. गाणं नाही, वल्ह्यांचा आवाज नाही. एवढ्या मोठ्या सावलीत एकट्याने बसलं, की माणूस फार लहान दिसतो. आणि मग त्याला तो रुंद फाटा आठवला.

तो ताडकन उठला आणि होडीकडे धावला.

“उठलास तर सावली गेली हं,” धोंडजी मागून म्हणाला. “ठरलेलं आहे आपलं.”

हैबतीने एकदा जांभळीकडे बघितलं. “घ्या तुम्ही,” तो म्हणाला आणि होडी पाण्यात ढकलली.

प्रवाहाविरुद्ध वल्हवताना त्याचे दंड भरून आले, पण तो थांबला नाही. फाट्याशी वळसा घालून तो रुंद तोंडातून आत शिरला, तेव्हा त्याला हाका ऐकू आल्या. सगळं गाव त्याचंच नाव घेत होतं. त्याला वाटलं, चिडलेत, आणि चिडणारच. त्याने शरमेने मान खाली घातली.

पुढे गेला तर काय? होड्या गाळात रुतून आडव्यातिडव्या पडलेल्या. मुलांना, म्हाताऱ्यांना काठावर उतरवलेलं. बाकीचे बाप्ये आणि बाया कमरेइतक्या चिखलात उभे होते आणि बांबूंनी तळ चाचपत होते. होड्या सोडवायच्या सोडून ते चिखलात काय शोधत होते, ते आधी त्याला कळेना. मग कळलं. ते त्याला शोधत होते.

सगुणा चिखलाने माखली होती. त्याला बघून तिने तोंड उघडलं, पण हाका मारमारून तिचा आवाज गेला होता. ती नुसतीच त्याच्या होडीचा काठ धरून उभी राहिली.

तान्हूकाकी काठावर भाकरीच्या टोपलीवर हात ठेवून बसली होती. फडक्याची गाठ तशीच होती.

“आलास व्हय,” ती म्हणाली. “कुठं अडकला होतास बाबा? फाट्यावर तू दिसला नाहीस. रुंद तोंड बघून आम्ही आत आलो अन् रुतलो. म्हटलं, तुझीबी होडी इथंच उलटली असणार. उभा असतास तर दिसलाच असतास ना.”

“मी पुढे गेलो होतो, काकी.”

काकीला ते नीट कळलंच नाही. “पुढं म्हंजे?”

“बेटावर. सावली धरायला.”

येसबांनी हातातला बांबू हळूच चिखलात टेकवला.

“पोरा,” ते म्हणाले, “तू बुडाला असशील असं आमच्या मनात आलं. वाहून गेला असशील, असंही आलं. पण आम्हाला टाकून पुढं गेला असशील, हे कुणाच्याच मनात आलं नाही बघ.”

कुणी शिव्या दिल्या असत्या तर हैबतीने त्या सुखाने खाल्ल्या असत्या. या शब्दांनी मात्र तो होडीतच मटकन बसला आणि लहान मुलासारखा रडला. सगुणाने चिखलाच्याच हाताने त्याचं तोंड पुसलं. त्यामुळे ते आणखीच माखलं आणि काठावरची पोरं फिदीफिदी हसली. मग मोठी माणसंही हसली. हैबती चिखलात उतरला आणि त्याने एकेक होडी खांदा लावून मोकळी केली. तेवढं झाल्यावर काकीने सगळ्यांवरून नजर फिरवली आणि फडक्याची गाठ सोडली.

त्या वर्षी गाव बेटावर गेलंच नाही. तिथेच काठावर, भर उन्हात, चिखलाच्या पायांनी सगळे जेवले. भाकऱ्या गार झाल्या होत्या, तरी एकही उरली नाही.

जेवण झाल्यावर हैबतीने आपलं वल्हं येसबांच्या पुढे ठेवलं. “आबा, हे तुमच्याकडेच असू द्या. माझी लायकी नाही.”

येसबांनी खांदा चोळला. “माझ्याच्यानं होत नाही आता. आणि आज दुपारी तू परत आलास ना? मग ठेव तुझ्याकडेच.”

त्यानंतर पुष्कळ वर्षं पुढची होडी हैबतीनेच चालवली. प्रत्येक वळणावर तो थांबला. फाट्याच्या तोंडाशी तो वल्हं उभं धरून राही आणि काकीची होडी सुखरूप आत शिरल्याशिवाय तिथून हलत नसे. “पुढे चल रे, उशीर होतोय,” असं कुणी ओरडलं, तर तो म्हणे, “होऊ दे.” आणि गाव गात गात, रमतगमत, सगळंच्या सगळं पोहोचत असे.

लहानथोरांनो, बरोबर निघालेल्यांना मागे टाकून जो पोहोचतो, तो पोहोचलेलाच नसतो.