विमानाचा धूर

जळगावच्या एका कांदा वाळवणाऱ्या कारखान्याला आपला धूर शून्यावर आणायचा होता, म्हणून त्यांनी यंत्रवाल्यांचा मेळावा भरवला. माझ्या थोरल्या भावाने, दादाने, बनवलेलं उन्हावर कांदा वाळवणारं यंत्र मी सायकलला बांधून नेलं. दादाला जाऊन महिनाच झाला होता. यंत्र न विकता परत आणलं असतं, तर त्याचं नावही संपलं असतं.

खरेदीचे राजहंस साहेब म्हणाले, “यंत्र झकास आहे रे, पण बनवणारा गेला. बिघडलं तर बघणार कोण? परदेशी कंपनीचा माणूस दोन दिवसांत विमानाने येतो.”

मी लगेच म्हणालो, “दादाने मला शिकवलंय, साहेब. मी तासाभरात सायकलवर येईन. त्या विमानाचा धूर तुमच्या शून्यात कुठे बसवणार?”

मंडप हसला. साहेबही हसले आणि ऑर्डरचा कागद ओढून म्हणाले, “यंत्राचं नाव काय लिहू?”

“दादा,” मी म्हणालो.