पाठीवरचा अंगठा

“आणि अवकाश म्हंजे?” आबांनी विचारलं.

“मोकळी जागा, आबा. चित्रात जिथे काहीच नसतं, ती.”

“काहीच नसतं?”

“काहीच नाही.”

“हं...” आबा म्हणाले आणि पानाची चंची चाचपू लागले.

तवनाप्पा शिरगुप्पे समोर ताठ बसला होता. रेषा सांगून झाली, आकार झाला, समतोल झाला. म्हाताऱ्यानं विचारायचा अवकाश, की उत्तर हजर! पुण्याच्या कलाशाळेतून पहिला आलेला गडी तो. ह्या व्याख्या त्याला झोपेत उठवून विचारल्या असत्या तरी सांगता आल्या असत्या.

गर्व म्हणाल तर होता, आणि तो काही फुकटचा नव्हता. हात खरंच सोन्याचा होता. पंचगंगेच्या काठच्या ह्या पडवीत आबा इंगवल्यांनी अनेकांच्या हाती ब्रश दिला, पण तवनासारखा पोरगा शिकायला आला नव्हता. हे आबा कधी बोलले नाहीत. तवना मात्र मनातल्या मनात रोज म्हणायचा.

आबांचे डोळे जाऊन बरीच वर्षं झाली होती. शिकवणं काही थांबलं नव्हतं. आणि चित्रशाळेची रीतही मोडली नव्हती. शिष्यानं चित्र पुरं करायचं, आबांपुढे आणायचं. आबा विचारतील ते सांगायचं. पसंत पडलं, की आबा वाटीतल्या गेरूत अंगठा बुडवून चित्राच्या पाठीवर उमटवत. तो उमटला, की मगच शिष्यानं चित्रावर आपलं नाव घालायचं. त्याच्या आधी नाही म्हणजे नाही.

आज तवनाचं चित्र पुण्याच्या मोठ्या प्रदर्शनाला निघालं होतं. टेम्पो रस्त्यावर उभा होता. पाठीवर अंगठा असला, तर तिथे ताठ मानेनं सांगता येणार होतं, मी आबा इंगवल्यांचा शिष्य. नसला, तर आबांच्या जुन्या शिष्यांपैकी एकजणही त्याला आपल्यातला म्हणणार नव्हता.

आणि पठ्ठ्यानं काय केलं होतं? चित्राच्या उजव्या कोपऱ्यात खाली आपलं नाव आधीच घालून ठेवलं होतं. चांगलं ठसठशीत, शेंदरी रंगात. अंगठा तर मिळणारच आहे, मग वेळ कशाला घालवा? आणि आबांना कुठे दिसतंय...

“छायाप्रकाश?” आबांनी पानाला चुना लावत विचारलं.

“उजेड कुठून येतो आणि अंधार कुठे साठतो, त्याचा मेळ. माझ्या चित्रात गुऱ्हाळ आहे, आबा. सगळा उजेड चुलवाणातल्या जाळाचा. उसाच्या रसाच्या काहिलीतून वाफ उठतेय, मागे अंधार. असा छायाप्रकाश आपल्या शाळेत अजून कुणी केला नसेल.”

“आसंल बाबा. मला दोन्ही सारखंच.”

तवना हसला. आबाही हसले.

“बरं, केंद्रबिंदू?”

“सगळ्या चित्राचा जीव जिथे गोळा होतो, ती जागा. चित्रकाराची सगळी ताकद तिथे लागलेली असते. नजर कुठूनही निघू दे, शेवटी येऊन थांबते तिथेच.”

“झ्याक सांगितलंस. तुझ्यात कुठं हाय ह्यो?”

“बाबांचा चेहरा. काहिलीवर वाकून ते पाक बघतायत.”

“बाबाला दाखवलंस चित्र?”

“बाबांना काय कळतंय त्यातलं, आबा!”

आबा पान चघळत राहिले. रस्त्यावरून टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. तवनानं गेरूची वाटी हळूच आबांच्या हाताशी सरकवली.

आबांनी वाटीला हात लावला नाही.

“येकच ऱ्हायलं. पोत म्हंजे काय रं?”

ह्या प्रश्नाची तर तवना वाटच बघत होता. ही व्याख्या त्यानं स्वतः बनवली होती. कलाशाळेतल्या सरांनी ती वर्गात सगळ्यांना ऐकवली होती.

“पोत म्हणजे, आबा... डोळ्यांनी केलेला स्पर्श.”

“वा रे वा!” आबांनी मांडीवर थाप मारली. “डोळ्यांनी? आन मग माज्यासारख्यानं काय करायचं? आण हिकडं ते चित्र.”



“आबा, रंग... अजून ओला असेल कुठे कुठे.”

“कुठं वला हाय?”

“नाही, म्हणजे... तसा वाळलाय म्हणा.”

“मग आण की.”

आणावं लागलं. चित्र आबांच्या मांडीशी टेकवून तवना शेजारी उकिडवा बसला. आबांनी हात धोतराला पुसला आणि उजव्या हाताचं बोट कॅनव्हासवर ठेवलं. वर, डाव्या अंगाला.

बोट चालू लागलं.

“हे?”

“मागचा अंधार.”

“गुळगुळीत हाय. चांगला बसवलाईस. आन हे?”

“वाफ.”

“हं... हलका हात लागलाय. ग्वाड.”

तवनाची छाती पुन्हा फुगली. बोट खाली आलं. काहिलीचा काठ आबांना न सांगताच कळला. जाळापाशी ते थांबलं, रंगाचे उंचवटे मोजल्यासारखं फिरलं आणि आबांनी नुसती मान डोलावली. आबांनी अशी मान डोलावलेली तवनानं आजवर पाहिली नव्हती. आता चित्र उचलावं आणि पाठ पुढे करावी, असं त्याला झालं.

“ह्यो कोण?”

“बाबा.”

बोट कपाळावरून निघालं, नाकावरून आलं आणि हनुवटीवरून घसरलं.

“लवकर सरला की रं तुझा बाबा.”

“पातळ रंगात केलाय, आबा. ती एक पद्धत आहे.”

“आसंल.”

बोट पुढे सरकलं. पायऱ्या उतरावं तसं उजवीकडे, खाली खाली येत गेलं. तवनाला वाटलं, आता थांबेल. नाही थांबलं.

कोपऱ्यात येऊन बोट अडखळलं. मागे फिरलं, पुन्हा तिथेच आलं. मग सावकाश त्या जागेवरून फिरत राहिलं. बाबांच्या चेहऱ्यावर फिरलं होतं त्याच्यापेक्षा किती तरी जास्त वेळ.

“तवना, हितं रंग लई जाड हाय.”

“असेल, आबा.”

“समद्या चित्रात येवढा जाड कुठंच न्हाई. आन वला बी हाय.” आबांनी बोट वर केलं. टोकाला शेंदरी रंग लागला होता. “काय काढलंईस हितं?”

पुण्याचा पहिला नंबर, शंभर व्याख्या तोंडपाठ... आणि चोरी पकडली ती एका बोटानं!

“ती... सही आहे, आबा. माझी.”

आता आभाळ कोसळणार, असं तवनाला वाटलं. पूर्वी एका शिष्यानं असंच केलं होतं, तेव्हा आबांनी त्याचे ब्रश नदीत फेकले होते म्हणतात.

आबा उठले. पान थुंकून आले. बसले.

“केंद्रबिंदू म्हंजे काय सांगितलंस मगाशी?” त्यांनी अगदी मायेनं विचारलं.

तवनानं मान खाली घातली.

“मला कसं ध्यानात ऱ्हाईल म्हातारपणी? सांग की.”

“चित्रकाराची... सगळी ताकद लागते, ती जागा.”

“व्हय. तेच.” आबांनी चित्र त्याच्याकडे सरकवलं. “उचल आता. गाडी थांबलीया.”

बस्स, एवढंच. रागावले असते, चार शिव्या दिल्या असत्या, तर तवनानं वाद घातला असता. वाद घालायला तो तयारच असायचा. पण भांडायचं कुणाशी? म्हाताऱ्यानं त्याचंच वाक्य त्याच्या हातात ठेवलं होतं.

त्यानं चित्र उचललं. उचलताना बाबांचा चेहरा त्याच्या तोंडासमोर आला.

खरंच पातळ होता. कॅनव्हासची वीण दिसत होती त्यातून. धुरानं कायम लाल झालेले बाबांचे डोळे त्यानं दोन फटकाऱ्यांत उरकले होते. ते आज पहिल्यांदा त्याच्या ध्यानात आलं. आणि नाव? नाव घालायला आख्खी दुपार लावली होती! तीनदा पुसून पुन्हा घातलं होतं, वळण मनासारखं येईना म्हणून. बाबांच्या त्याच डोळ्यांनी जाळापुढे धूर खाऊन त्याला शिकवलं, आणि त्यांना चित्र दाखवायचंही त्याला सुचलं नव्हतं. तवनाला लाज वाटली. इतकी, की कान गरम झाले.

हॉर्न पुन्हा वाजला. “ओ चित्रकार! येताय का जाऊ?”

तवना अंगणात गेला. “जा तू!” तो ओरडला.

“आन चित्र?”

“यायचं नाही ते. व्हायचंय अजून.”

टेम्पो धुरळा उडवत निघून गेला. प्रदर्शन गेलं. तवना परत आला, चित्र जमिनीवर आडवं ठेवलं आणि फळीवरची रंगाची सुरी घेतली. कोपऱ्यापाशी हात क्षणभर थांबला. नाव देखणं होतं हो! नाही म्हणायची सोय नव्हती.

मग त्यानं ते खरवडलं. एकेक अक्षर. शेंदरी रंगाचा गोळा सुरीच्या पात्यावर जमला आणि खाली कॅनव्हासचं उघडं सूत दिसू लागलं.

आबा कान देऊन ऐकत होते.

“झालं?”

“झालं, आबा.”

“आण हिकडं.”

आबांचं बोट ह्या वेळी सरळ कोपऱ्यातच गेलं. सुतावरून इकडून तिकडे फिरलं.

“हितं काय हाय आता?”

“काही नाही, आबा.”

“काहीच न्हाई?”

तवना उत्तर देणार होता. दिलं नाही.

“सुरी दे,” आबा म्हणाले. “पात्याकडनं न्हवं, मुठीकडनं दे, शहाण्या.”

तवनानं सुरी दिली. आबांनी चाचपत पात्यावरचा तो शेंदरी गोळा शोधला आणि त्यात अंगठा बुडवला. गेरूची वाटी बाजूला तशीच पडून होती. मग त्यांनी चित्र पालथं केलं आणि नेमका तोच कोपरा हुडकून अंगठा टेकवला. चांगला दाबून.

“आबा, पण... चेहरा तर अजून व्हायचाय!”

आबांनी चित्र पुन्हा सुलट केलं. खरवडलेल्या जागेवरून एकदा बोट फिरवलं, तोंडभर हसले आणि म्हणाले,

“चेहरा हुईल. आता वाचाय आलं बघ तुझं नाव.”