गोदूची हजेरी

हिवरनेर गावाबाहेरच्या चिंचेच्या बनात केशवगिरी महाराजांचा मुक्काम असे. महाराज कोणाला मंत्र देत नसत, अंगाराही देत नसत. आलेल्याला जवळ बसवावं आणि त्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घ्यावं, हीच त्यांची रीत. भाविकहो, आपलं गाऱ्हाणं मध्येच न तोडता ऐकणारं माणूस मिळणं किती दुर्मीळ, हे मी तुम्हांला काय सांगावं?

महाराजांचे एक भक्त होते विसाजीपंत पंतोजी. मारुतीच्या देवळात ते मुलांना धूळपाटीवर अक्षरं गिरवायला शिकवत. स्वभावाने गरीब, आवाजही बेताचाच. पण शाळा भरली की आधी हजेरी. नावं तोंडपाठ. नाव घ्यायचं, मुलाच्या तोंडाकडे बघायचं आणि ‘आलो, पंतोजी’ असं उत्तर आल्यावरच पुढचं नाव घ्यायचं.

त्या मुलांत गोदू होती. त्र्यंबकशास्त्र्यांची नात. आई गेली त्या दिवसापासून पोरीची वाचाच बसलेली. शास्त्रीबुवांनी वैद्य केले, अनुष्ठानं केली, आणि शेवटी हात टेकले. गोदू आपणहून देवळात येऊन खांबापाशी बसू लागली. पंतोजी तिचंही नाव घेत आणि इतरांच्या उत्तराची बघत तशीच तिच्या उत्तराची वाट बघत. मग आपणच म्हणत, “आमची गोदू आलीय बरं का,” आणि पुढे जात. हे रोजचंच.

शास्त्रीबुवा विद्वान खरे, पण जिभेला धार फार. एकदा भर देवळात ते म्हणाले, “पंतोजी, पालथ्या घड्यावर पाणी ओतताय. उद्या या खांबाचीही हजेरी घ्याल.” चार माणसं हसली. गोदूने मान खाली घातली.

पंतोजी हळूच म्हणाले, “बुवा, बोलायचं की नाही ते तिनं ठरवावं. वाट बघणं माझं काम.” बोलले खरे, पण त्या दिवशी घरी त्यांना जेवण गेलं नाही. पोरीसमोर असं बोलावं का हो माणसानं?

पुढे सुगी आली. देवळाच्या मागेच शास्त्रीबुवांचं पेव होतं. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं धान्याचं कोठार. त्यात कोंडलेली हवा माणसाचा जीव घेते, म्हणून नवं धान्य भरण्याआधी तोंड उघडून ठेवायचं, आत वारं खेळू द्यायचं आणि वर आडव्या फळ्या टाकायच्या. शास्त्रीबुवांनी पेव उघडलं, पण घाईत फळ्यांऐवजी कडब्याच्या पेंढ्या पसरल्या आणि विसरून गेले.

त्याच दिवशी दुपारी गोदू दिसेनाशी झाली.

सारा गाव शोधायला निघाला. ओढा पाहिला, विहिरी पाहिल्या. ‘गोदू, ए गोदू’ म्हणून जो तो ओरडत होता. पण मुकी पोर ओ देणार कशी? दिवेलागण होत आली तसे शास्त्रीबुवा देवळाच्या पायरीवर मटकन बसले.

पंतोजी धावत चिंचेच्या बनात गेले. महाराज डोळे मिटून बसले होते, हातातलं उपरणं पंख्यासारखं हळूहळू हलत होतं. पंतोजींनी पाय धरले. “महाराज, पोर गेली हो. माझी शाळा रिकामी झाली.”

महाराज म्हणाले, “विसाजी, आज हजेरी घेतलीस का?”

“सकाळी घेतली, महाराज. तेव्हा ती होती.”

“पुन्हा घे. चल, मीही येतो. गाव नुसतं हाका मारतंय. हाक मारली की ऐकायला थांबावं लागतं, हे तुझ्याशिवाय इथं कोणाला ठाऊक आहे?”

देवळात मुलं बसली. महाराजांनी हात वर केला तसा गाव गप्प झाला. पंतोजींनी एकेक नाव घेतलं. मुलं रडत रडत ‘आलो’, ‘आले’ म्हणत होती. मग पंतोजी म्हणाले, “गोदू.” आणि रोजच्यासारखे थांबले.

शास्त्रीबुवा खांबाला धरून उभे होते. आज तेही वाट बघत होते.

आणि देवळामागून, जमिनीच्या पोटातून, बारीक आवाज आला, “आले, पंतोजी.”

“पेव!” शास्त्रीबुवा ओरडले. “फळ्या मीच टाकल्या नाहीत.”

माणसं धावली. पेंढ्या दूर केल्या, दोर लावला, कंदील आत सोडला. कंदील विझला नाही, म्हणजे आतली हवा चांगली होती. एका गड्याने गोदूला वर काढून देवळात आणलं, तेव्हा तिचं अंग नुसतं खरचटलेलं होतं. आजोबांच्या गळ्यात पडून ती बोलू लागली, आणि काय काय बोलू असं तिला झालं. “आत एक बाबा होते. उपरण्यानं मला वारा घालत होते. म्हणाले, भिऊ नकोस, पंतोजी हाक मारतील तेव्हा ओ दे.”

सगळ्यांच्या नजरा महाराजांकडे वळल्या. त्यांच्या पांढऱ्या उपरण्याला पेवातला ओला भुसा चिकटला होता. पंतोजी बोलवायला जाईपर्यंत बनातून न हललेल्या महाराजांच्या उपरण्याला! देवळात बायका डोळे पुसू लागल्या, आणि कितीतरी वेळाने गाव मोकळेपणी हसला.

शास्त्रीबुवा महाराजांच्या पायांवर पडायला वाकले. महाराज दोन पावलं मागे सरले. “माझ्या नव्हे, बुवा. मी नुसता वारा घातला. तिला रोज हाक कोणी मारली, ते आठवा.”

शास्त्रीबुवा वळले. पंतोजी संकोचून मागे मागे जाऊ लागले, पण पाठीशी खांब आला, गोदू रोज बसायची तोच. पोथ्या मुखोद्गत असलेल्या त्या वृद्ध माणसाने धुळीने माखलेल्या त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

“पंतोजी,” ते म्हणाले, “पालथा घडा माझ्या घरात होता खरा. तो मीच होतो.”

पंतोजींनी शास्त्रीबुवांना उठवलं, कपाळावरची धूळ आपल्या पंच्याने पुसली आणि म्हणाले, “बुवा, उद्या सकाळी हजेरीला या. तिची ओ ऐकायला.”