सहा सैल तारा

“मग तिलाच का?”

सलोमीनं विचारलं. तिला वाटलं होतं, आपला आवाज शांत निघेल. तो तसा निघाला नाही.

 पडवीतल्या बाकावर बसून बस्त्याव मास्तर चष्म्याची काच सदऱ्याच्या टोकानं पुसत होते. खाली पायरीवर त्यांची बायको, रोझीनमावशी, मोगऱ्याच्या कळ्यांचं सूप मांडीवर घेऊन बसली होती. दुपारी टेम्पो यायच्या आत गजरे व्हायला हवे होते. दोन कळ्या, एक गाठ. दोन कळ्या, एक गाठ.

वसईकडच्या त्या गावात मास्तर चाळीस वर्षं चर्चच्या गायनवृंदाला शिकवत आले होते. आता त्यांची बोटं वाकडी झाली होती. स्वतः वाजवणं संपलं होतं, म्हणून वाजवायला शिष्य लागे. गावच्या सणाची मोठी मिस्सा, चर्चमधली सामूहिक प्रार्थना, दुसऱ्या दिवशी होती. गायनवृंदात गिटारची खुर्ची एकच. आणि अर्ध्या तासापूर्वी, सराव संपता संपता, मास्तरांनी सगळ्यांदेखत सांगितलं होतं, “उद्या ब्रिजित वाजवेल.”

सलोमी तीन वर्षं शिकत होती. ब्रिजितला आठ महिने झाले होते.

“मला बत्तीस कॉर्ड येतात,” सलोमी म्हणाली. “तिला चार.”

“पाच,” मास्तर म्हणाले. “एक काल आला.”

मावशी मान खाली घालून हसली. सलोमीला ते दिसलं.

“तिची गिटारसुद्धा तिची नाही. मामाची आहे. पाठीमागे चिकटपट्टी लावलीय.”

“हं.”

“तुम्ही आज ऐकलंत ना, मास्तर?”

“मला आता कमी ऐकू येतं. तू सांग. काय ऐकलंस?”

सलोमीला हेच हवं होतं. गेले आठ महिने ती दुसरं काही ऐकतच नव्हती. ब्रिजित घाबरली की खालचा ओठ दातांत धरते, तिची करंगळी कुठल्या कॉर्डला वर उचलली जाते, तिच्या चपलेचा अंगठा तुटलाय म्हणून ती ताल धरताना टाच आपटते... सगळं तिला पाठ होतं. फादर एकदा ब्रिजितला जाता जाता “छान” म्हणाले होते, त्या दिवशी सलोमीला रात्रीचं जेवण गोड लागलं नव्हतं. स्वतःला किती वेळा “छान” म्हटलं गेलं, हे मात्र तिला आठवलं नसतं.

“पहिल्या गाण्यात ती कॉर्ड बदलायला कचरली,” सलोमीनं सुरुवात केली. “दुसऱ्यात शेवटचा सूर धरला तो पुसटच. आणि तिसऱ्यात तर तिनं वाजवलंच नाही. डावा पंजा सगळ्या तारांवर आडवा ठेवला आणि नुसतं चक... चक... चक. अख्खं गाणं. पत्र्यावर काहीतरी घासल्यासारखं.”

“लोक थांबले?”

“...नाही.”

“पुढचं गाणं तू वाजवलंस.”

“हो. आणि एकही सूर चुकला नाही.”

“नाही चुकला,” मास्तर म्हणाले. “बायकांना मात्र धाप लागली.”

सलोमीचा चेहरा तापला. पुढच्या रांगेतल्या बायका शेवटच्या ओळीला एकमेकींकडे पाहत होत्या, हे तिनंही बघितलं होतं. त्यांना गाता येत नाही, असं तिनं तेव्हा मनाशी ठरवून टाकलं होतं.

“तिसऱ्या गाण्यात तिनं पंजा का ठेवला?” मास्तरांनी विचारलं.

“तार उतरली होती.”

“कुठली?”

“तिसरी.”

दोन कळ्या. गाठ राहिली. मावशीनं वर पाहिलं.

“बारा माणसं गात होती,” मास्तर सावकाश म्हणाले. “वर पंखा. मला तार उतरलीय एवढं कळायला एक कडवं गेलं. कुठली, ते गाणं संपेपर्यंत कळलं नाही.”

...

सलोमी फरशीकडे बघत राहिली.

दुसरं गाणं संपल्यावर ब्रिजित नळावर पाणी प्यायला गेली होती. तिची गिटार खुर्चीला टेकवलेली होती. सलोमीला फार वेळ लागला नव्हता. तिसरी खुंटी, एक पीळ. बोटांना खुंटी गार लागली होती, एवढंच तिला आठवत होतं. आणि मग वाटलेला आनंद, तोही आठवत होता. तिसऱ्या गाण्याच्या पहिल्याच सुराला ब्रिजितनं दचकून तारांकडे पाहिलं होतं, तोवर तो टिकला होता. पुढच्याच ठोक्याला तिनं पंजा ठेवला... आणि गाणं पुढे निघून गेलं होतं.

“तुझी गिटार दे,” मास्तर म्हणाले.

सलोमीनं पिशवीची चेन उघडली. मुंबईहून आणलेली गिटार, अजून वार्निशचा वास येणारी. मास्तरांनी ती मांडीवर घेतली. वाकड्या बोटांनी पहिली खुंटी धरली आणि उलटी फिरवली.

एक पीळ. दोन. तीन.

तार लोंबकळली.

मग दुसरी. मग तिसरी. तिसरीला त्यांनी जास्त वेळ घेतला नाही आणि सलोमीकडे बघितलंही नाही. साही तारा कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांसारख्या झाल्या, तेव्हा त्यांनी गिटार परत दिली.

“वाजव.”

“यावर?”

“यावर.”

“यावर सूर कसा निघेल?”

“सूर तुझ्याकडे पुष्कळ आहेत. ते राहू देत. चार ठोके मोज. एकावर तारा छेड आणि पुढचा एक येईपर्यंत काही करू नकोस.”

सलोमीनं छेडलं. फद्. आवाज तिथल्या तिथे मेला. एरवी तिच्या गिटारचा सूर चार ठोके घुमत राही, त्याच्या आड तिला लपता येई. आता ‘एक’ झाला आणि मागे तीन ठोके उघडे पडले. तिनं घाईनं पुन्हा छेडलं.

“चार कुठे गेला?”

“झाला की.”

“साडेतीनला झाला. पुन्हा.”

फद्. ...दोन, तीन, फद्.

“थांब गं,” मावशी पायरीवरून म्हणाली. “माझी गाठ सुटली. तू वाजवायला लागलीस की हात अडखळतो बघ. ती ब्रिजित आठवडाभर इथं बसून टकटक करत होती, तेव्हा बाई बरे झाले गजरे.”

मावशीच्या मनात काही नव्हतं. म्हणूनच ते जिव्हारी लागलं.

“आठवडाभर?” सलोमीनं विचारलं. “रोज येत होती?”

“रोज. शाळा सुटली की.”

“मला कुणी सांगितलं नाही.”

“तू शिकलेली आहेस,” मास्तर म्हणाले. “तू कशाला येशील? पुन्हा.”

यावेळी सलोमीनं वेगळी युक्ती केली. ती मावशीच्या बोटांवर नजर लावून बसली. गाठ पडली की तारा छेडायच्या. ब्रिजितला जमतं, तर मला का नाही... गाठ, फद्. गाठ, फद्. पण प्रत्येक वेळी गाठ आधी पडे आणि तिचा हात केसभर मागून पोचे. ती आणखी डोळे ताणून बघू लागली, तसा आणखी उशीर होऊ लागला.

“आधी पुढे धावत होतीस,” मास्तर म्हणाले. “आता मागे लागलीस.”

“मग करू तरी काय?”

“दोनवर काय करत होतीस?”

“वाट बघत होते.”

“कशाची?”

“पुढच्या एकची.”

“मग दोनवर कोण होतं?”

सलोमीनं पुन्हा तारा छेडल्या. बाहेर कुणाच्या तरी वाडीत पंप सुरू झाला. मास्तरांनी डोळे मिटले, जणू त्यांना उत्तर नकोच होतं.

ती वाजवत राहिली. किती वेळ, ते तिला कळलं नाही. मनगट दुखलं. मानेवरून घाम उतरला. ब्रिजितचा विचार आला, मग पुन्हा आला. तिची टाच, तिचा दातांतला ओठ, फादरांचं ते “छान”. मग हात इतका थकला की विचार ओढून आणायलाही जोर उरला नाही. फद्. दोन. दोन होता, एवढंच. त्यानंतर तीन. त्याच्या पुढे काही गाठायचं नव्हतं. चार. फद्.

पायरीवर दोन कळ्या आल्या. चारला गाठ पडली. पुन्हा दोन कळ्या. चारला गाठ.

मावशीचं लक्ष कुठेतरी रस्त्याकडे होतं. तिचा हात आपोआप चालला होता.

सात-आठ वेळा असं झालं. मग सलोमीला ते दिसलं, आणि लगेच मनात आलं : हे आत्ता ब्रिजितनं बघायला हवं होतं.

फद्. फद्.

मावशीच्या हातातून कळी खाली पडली.

“च्,” मावशी म्हणाली. “चांगलं चाललं होतं की गं पोरी.”

सलोमीनं गिटार आडवी ठेवली. 

“मास्तर, मला आलं. आठ वेळा आलं. तुम्ही ऐकलंत.”

“ऐकलं.”

“मग उद्या...”

“उद्या ब्रिजित वाजवेल.”

...

“आईनं पापडी गावच्या माझ्या मावशीला बोलावलंय,” सलोमी म्हणाली. “तिच्या घरचे सगळे येणार आहेत. मी वाजवणार म्हणून.”

मास्तरांनी पुन्हा चष्म्याची काच पुसली.

मग फरशीला सांगावं तसं तिनं विचारलं, “ब्रिजितला... माहीत आहे?”

“सराव संपल्यावर तिनं मला खुंटी दाखवली. ढिली झालीय का बघा, म्हणाली. मी फिरवून बघितली. घट्ट होती. आपोआप उतरण्यासारखी नव्हती.”

“तिनंही बघितली?”

“तिनंही बघितली.”

“मग? काय म्हणाली?”

“म्हणाली, ‘असू दे, मास्तर.’ तार चढवली आणि घरी गेली.”

सलोमीला वाटलं, त्यापेक्षा ब्रिजितनं येऊन चार लोकांत ओरडायला हवं होतं. मग भांडता आलं असतं. तू खोटं बोलतेस, म्हणता आलं असतं. ‘असू दे’चं काय करायचं? इथंही तीच पुढे.

ती खुंट्या फिरवायला लागली. पहिली तार ताणली गेली, तिचा सूर हळूहळू वर चढला. मास्तरांनी हात पुढे करून तिला थांबवलं.

“नंतर जुळव. आधी ऐक. उद्याचं प्रवेशगीत वहीत दोन पानांवर आहे. तिसरं कडवं मागच्या पानावर जातं. आणि ते कडवं तिला पाठ नाही.”

“मला पाठ आहे,” सलोमी पटकन म्हणाली.

“म्हणून सांगतोय. उद्या तिच्या खुर्चीशेजारी उभी राहा. पान तू उलट.”

सलोमी बघतच राहिली. पापडीची मावशी, तिच्या घरचे सगळे, आई नव्या साडीत... आणि आपण ब्रिजितच्या बाजूला, हातात गिटार नाही, तिचं पान उलटायला.

“फादरांच्या समोर?”

“सगळ्यांच्या समोर.”

“लवकर उलटलं तर तिची ओळ जाईल,” सलोमी म्हणाली. ते ती आपल्यालाच सांगत होती.

“जाईल.”

“उशिरा उलटलं, तरी जाईल.”

“हो.”

रोझीनमावशीनं भरलेला गजरा केळीच्या पानात ठेवला. पण नवा धागा घेतला नाही. ती ऐकत होती.

सलोमीनं सैल तारांवरून अंगठा फिरवला. आवाज आला नाही. मग मान वर न करता, अगदी हळू आवाजात, तिनं ते विचारलं.

“आणि मास्तर... मी मुद्दामच उशिरा उलटलं तर?”

मास्तरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं.

“तिचे दोन्ही हात अडकलेले असतील,” ते म्हणाले. “पान फक्त तुझ्या हातात असेल.”