न टोचलेले कान

फार पूर्वी मेघवती नगरीवर अरिंदम राजाचे राज्य होते. त्या काळी बोधिसत्त्वाने त्याच नगरीत एका सोनाराच्या कुळात जन्म घेतला होता. त्याचे नाव भद्रिल. सोनारानेच कान टोचावे म्हणतात. मेघवतीतल्या आया म्हणत, त्यातही भद्रिलानेच.

भद्रिलाला एक खोड होती. सुई तापवण्याआधी तो मुलाच्या आईकडे तिच्या माहेरची चौकशी करी. भाऊ किती, हयात आहेत का, गेले असतील तर कशाने गेले. बायका त्याची थट्टा करीत, "कान टोचायला आलास की सोयरीक जमवायला?" तोही हसे, पण उत्तर मिळाल्याशिवाय सुईला हात लावीत नसे.

ही खोड सुयामा राणीच्या कानावर आली होती, आणि म्हणूनच तिला त्या सोनाराची धास्ती वाटे.

तिचा एकुलता मुलगा तिष्य सहा वर्षांचा होता. त्याच्यावर यक्षिणीची नजर आहे आणि ती त्याचे रक्त पिते, असे राजवाड्यात कुजबुजत. रोज सकाळी त्याच्या अंगावर नवे निळे डाग उमटलेले असत. कधी दंडावर, कधी खांद्यावर, चार बोटे आणि एक अंगठा, कुणी आवळून धरल्यासारखे. दुधाचा दात पडला तेव्हा तीन दिवस रक्त थांबले नाही. पोर रडत नसे. तोंडात साचलेले गिळून टाकी आणि आईकडे पाहून हसे, तेव्हा त्याचे सगळे दात लाल दिसत. दासी तोंड फिरवीत. भर दुपारी उंबऱ्याबाहेर यक्षिणीसाठी कुंकू कालवलेला भात ठेवला जाई. कावळे त्याच्याभोवती गोल बसून राहत, पण चोच लावीत नसत.

यक्षिणीच्या संशयावरून दोन दायांना नगराबाहेर हाकलले होते. एकीच्या बोटांचे माप डागांशी जुळले म्हणून, दुसरीचे ओठ विड्याने सदा लाल असत म्हणून. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरे काय! सुयामेला ते कळत होते, पण तिने ब्र काढला नाही.

कारण तिला दोन भाऊ होते. एक झोपाळ्यावरून पडला. गुडघा सुजत सुजत भोपळ्याएवढा झाला आणि तो गेला. दुसऱ्याला जावळ काढताना वस्तरा जरासा लागला होता. लग्नाच्या दिवशी आईने तिचे तोंड कुरवाळून बजावले होते, "आपल्या घरची मढी सासरी नेऊ नकोस." सुयामेने ती नेली नाहीत. मढी आपणहून आली होती.

त्या वर्षी तिष्याचा गुडघा सुजला. राजवैद्याने दूषित रक्त काढायला जळवा लावल्या. जळवा टम्म फुगून गळून पडल्या, पण त्यांनी केलेली भोके दुसऱ्या दिवसापर्यंत वाहत राहिली. तेव्हा पुरोहिताने तोडगा काढला. व्यंग असलेले मूल यक्षिणी नेत नाही. कुमाराचे कान टोचा, म्हणजे ती नाद सोडील. राजाने मुहूर्त धरला आणि भद्रिलाला बोलावणे धाडले.

सकाळच्या उन्हात अंगणभर माणसे जमली. भद्रिलाने कुमाराला मांडीवर घेतले आणि त्याच्या कानाची पाळी सूर्यासमोर धरली. उजेड जिथून आरपार येतो, शीर आड येत नाही, तिथेच तो टोचत असे. जागा नक्की करायला त्याने पाळी दोन बोटांत हलकेच दाबली. पुरोहिताचे मंत्र चालू होते. ते संपता संपता पाळी निळी पडली, मग काळी. बायका मागे सरकल्या. भद्रिल आपल्याच बोटांकडे पाहत राहिला.

"देवी, आपल्याला भाऊ किती?" त्याने विचारले.

"मला भाऊ नाहीत."

"नव्हतेच, की राहिले नाहीत?"

सुयामेने नजर खाली वळवली. भद्रिलाने तिच्या चेहऱ्याकडे क्षणभर पाहिले आणि सुई तापवायला पेटवलेली शेगडी पाणी ओतून विझवली.

"महाराज, हे कान मी टोचणार नाही."

राजाने कारण विचारले. भद्रिल म्हणाला, कारण मला ठाऊक आहे, पण ते सांगण्याचा अधिकार माझा नाही. राजाने आधी कुमाराच्या भारंभार सोने देऊ केले. तेही नको म्हटल्यावर अंगठा छाटण्याची आज्ञा केली. अंगठा गेला की सोनार संपला, हे लहान पोरालाही कळते. भद्रिलाने सोबत आणलेल्या आपल्याच ऐरणीवर हात पसरला.

"अंगठा घ्या, महाराज. पण दुसऱ्या सोनाराला बोलावू नका."

सुयामेला पुढचे सारे दिसले. दुसरा सोनार येईल, आणि तो काहीही विचारणार नाही. ती उठली आणि ऐरणीवरच्या त्या हातावर तिने आपला हात ठेवला.

"मला दोन भाऊ होते," ती म्हणाली, आणि तिने सगळे सांगितले. शेवटी म्हणाली, "दाया निर्दोष होत्या. मी त्यांना जाऊ दिले."

मग मागून कुणीतरी पुटपुटले, "म्हणजे यक्षिणी हीच." लोक तिच्यापासून दूर सरले. राजाही एक पाऊल मागे गेला.

तेव्हा भद्रिल बोलला. "पंचवीस वर्षांपूर्वी मी एका मुलाचे कान टोचले. रक्त थांबले नाही. नवव्या दिवशी मुलगा गेला. त्याचे मामाही असेच गेले होते, हे मला नंतर कळले. तेव्हापासून मी विचारतो. पाच घरांत हेच पाहिले. दोष आईच्या कुळातून येतो आणि रक्त मुलाचे वाहते. आईला इजा नसते, तिचा अपराधही नसतो. राणीने दोन भाऊ गमावले, महाराज. चोर आपलेच घर फोडीत नाही."

"मग ही बोटे कुणाची?" राजाने कुमाराच्या खांद्यावरच्या ताज्या डागाकडे बोट दाखवले.

"काल संध्याकाळी कुमाराला कुणी उचलले होते?"

राजाने हळूच आपला पंजा त्या डागावर टेकवला. चारी बोटे आणि अंगठा नेमके बसले. काल त्यानेच लाडाने तिष्याला हवेत उडवून झेलले होते.

राजाने हात काढून घेतला आणि तो भर अंगणात रडला.

मग भद्रिलाच्या सांगण्याप्रमाणे जळवा बंद झाल्या. जखम झाली की ओल्या गार कापडाने ती दाबून धरायची, घाई न करता, रक्त थांबेपर्यंत. सांधा सुजला की हलवायचा नाही, चोळायचा तर मुळीच नाही. मुलाला उचलायचे ते पसरलेल्या हातांवर. भद्रिलाने कुंडले घडवली ती रेशमी दोऱ्याने कानावर अडकवायची. सुयामा स्वतः दायांना शोधायला गेली. एक परत आली. दुसरी आली नाही, आणि राणीने तिला दोष दिला नाही. तिष्य बरा झाला नाही. तो लंगडत चाले, पण मोठा झाला आणि राज्यावर बसला.

पुढे कित्येक जन्मांनंतर, विहारात उत्तिय नावाच्या भिक्षूच्या नाकातून सारखे रक्त वाहत असे. त्याचे रक्ताळलेले चीवर अशुभ मानून एक ज्येष्ठ स्थविर ओलांडून गेला, त्या दिवशी शास्त्यांनी, म्हणजे बुद्ध झालेल्या बोधिसत्त्वाने, ही कथा सांगितली. सांगून झाल्यावर ते म्हणाले, "तिष्य तो हा उत्तिय. सुयामा ती याची आई. अरिंदम राजा तो हा स्थविर, आणि भद्रिल सोनार मीच होतो. खोटे न बोलताही दुसऱ्याची लाज झाकता येते, भिक्षूंनो. त्यासाठी आपला अंगठा ऐरणीवर ठेवावा लागतो. ती करुणा."

स्थविर उठला, ते चीवर त्याने दोन्ही हातांनी उचलले आणि धुवायला नदीवर नेले.