मातीचा खुराक

"आता आणखी काय सोडू, वस्ताद?"

दस्तगीर वस्तादांनी मान वर केली नाही. तालमीच्या उंबऱ्यावर बसून ते लिंबं चिरत होते. पुढ्यात घमेलं, घमेल्यात हळद आणि शेजारी ताकाची कळशी.

"आतापातूर काय काय सोडलंस?"

बसगोंडा बोटांवर मोजायला लागला. भात सोडला, भाकरी सोडली. दूध, तूप, शेंगदाणे, डाळ, सगळं सोडलं. सकाळी बिनसाखरेचा काळा चहा, दुपारी काकडी आणि फळांच्या फोडी, रात्री वाटीभर भोपळ्याचं पाणी.

"आन् चिडणं?"

"ते वाढलंय," बसगोंडा चिडूनच म्हणाला.

वस्ताद हसले. लिंबाची फोड घमेल्यात पडली.

बसगोंडा म्हणजे काही ऐरागैरा नव्हता, बरं का. पंचवीस वर्षांमागं कृष्णाकाठच्या कुठल्याही जत्रेत त्याची कुस्ती लागली की माणसं झाडावर चढून बसायची. आता वय एकोणपन्नास. साखर कारखान्यात शेतकी अधिकारी. दिवसभर जीप नाहीतर खुर्ची.

पैलवानाची म्हणून एक चूक असते, ती त्यानंही केली होती. तालीम सुटली, खुराक सुटला नाही. जोर बंद, बैठका बंद, पण हात आपला ताटाकडं जातोच आहे. घरची माणसंही 'पैलवान आहे, खाऊ दे' म्हणत वाढत राहिली. त्यात ज्या शेतकऱ्याच्या दारात जावं तिथं पेढे आणि भजी. बघता बघता गडी एकशे अठरा किलोंचा झाला. डॉक्टरांनी साखर निघाल्याचं सांगितलं आणि वजन उतरवा म्हणाले.

तेवढ्यावर भागलं असतं. पण स्वभाव आडवा आला.

वस्तादांचे गुडघे गेले तशी तालीम तीन वर्षं बंद होती. येत्या नागपंचमीला कुणी खोरं हातात घेतलं नाही, तर जागा गोदामाला द्यायची, असं पंचांनी ठरवलं. या तालमीत खोरं घेणं म्हणजे वस्तादकी घेणं. हौद्याची, म्हणजे कुस्तीच्या त्या खोलगट चौकाची तांबडी माती खणायची, आणि त्या मातीत उतरणारी पोरं सांभाळायची.

भर बैठकीत बसगोंडा उठला होता. "खोरं मी घेतो. आणि शंभराच्या आत येऊन घेतो. नाही आलो, तर या दारात पाऊल टाकणार नाही!"

टाळ्या पडल्या. वस्ताद तेवढे गप्प बसले होते.

पहिल्या दोन महिन्यांत नऊ किलो उतरले. मग काटा एकशे नऊवर जो अडकला तो अडकलाच. तीन आठवडे झाले, हलायचं नाव नाही. नागपंचमी एकोणीस दिवसांवर आली होती.

"रोज सातशेच्या वर जात नाही मी," बसगोंडा म्हणाला.

"सातशे काय?"

"कॅलरी, वस्ताद. मोबाइलवर मांडतो. पहिल्यांदा बाराशे खात होतो. काटा अडकला, तसं आणखी तोडलं."

"आन् काट्यानं काय केलं?"

बसगोंड्यानं कमरेचा पट्टा सारखा केला.

"हात दे."

त्यानं उजवा हात पुढं केला. या तालमीत वजनकाटा कधीच नव्हता. दर शुक्रवारी वस्ताद एकेका पोराचं मनगट धरायचे, मग कोपराखालचा हात दाबून बघायचे आणि तिथंच सांगायचे, 'तुझं दूध वाढव', 'तू गोड कमी कर', 'काय रं, रात्री जेवला न्हाईस?' कधी चुकले नाहीत. पोरं रांगेत उभी असायची, अंगाला माती, आणि सगळ्या तालमीत ताकाचा, हळदीचा, घामाचा वास. त्या वासासाठी बसगोंडा आजही कुठल्या तालमीवरून जाताना जीप हळू करायचा.

वस्तादांची पकड आजही तीच होती.

"चरबी हाय तिथंच बसलीया," ते म्हणाले. "हितं मांस हुतं, बसगोंडा. आपुन दोघांनी बारा वर्सं घालवली त्याच्यावर. ते कुठं घालवलंस?"

बसगोंड्यानं हात काढून घेतला.

"चक्कर कदी आली?"

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कदी आली?"

"काल... उसाच्या फडात. कुणाला कळलं नाही."

"मला कळलं की."

बसगोंड्याला आठवलं. बावीस वर्षांचा असतानाची जिल्ह्याची निवड. चौऱ्याहत्तर किलोंचा गट, आणि हा चार किलो जास्त. वस्तादांना न सांगता त्यानं चार दिवस काही खाल्लं नव्हतं. भर उन्हात घोंगडं पांघरून पळाला, थुंकून थुंकून तोंड कोरडं केलं. वजन बसलं, वर पावशेर कमीच भरलं! मिशीला पीळ देत आखाड्यात उतरला, आणि पहिल्याच मिनिटाला आकाश बघितलं.

वस्ताद त्या दिवशी रागावले नाहीत. सायकलवर पुढं बसवून त्याला आपल्या घरी आणलं. चाचीनं, म्हणजे वस्तादांच्या बायकोनं, हुलग्याचं गरम माडगं वाटीत ओतलं. तो रडत रडत पीत होता आणि वस्ताद वाटी भरत होते. चाची लिंगायताच्या पोरासाठी भांडी वेगळी ठेवायची, शेवटपर्यंत ठेवली. आता चाचीही नाही आणि ती वाटीही कुठं गेली कोण जाणे.

आठवण फार गोड होती, म्हणूनच की काय, त्याचा राग उसळला.

"तुम्हीच सवय लावली ही!" तो एकदम म्हणाला. "खा म्हणालात, खात गेलो. दोन शेर दूध, मूठ मूठ बदाम, सहा सहा भाकऱ्या. आज माझं हे जे झालंय ते त्या खुराकानं झालंय!"

बोलून गेला आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वस्तादांनी सुरी खाली ठेवली. कोनाड्यातल्या मारुतीकडं एकदा बघितलं.

"व्हय," ते म्हणाले. "म्याच लावली."

मग भिंतीला धरून उठले. कोपऱ्यातलं खोरं त्याच्याकडं सरकवलं.

"उतर हौद्यात."

"आत्ता?"

"मग काय मुहूर्त काढू?"

बसगोंड्यानं सदरा काढला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, मातीला हात लावून कपाळाला टेकवला आणि उतरला. पाऊल पडलं, तसा तो दचकला. ज्या मातीत पडलं तरी लागायचं नाही, ती पायाखाली फरशीसारखी झाली होती.

"मधोमध खण."

त्यानं खोरं उचललं आणि ताकद लावून घातलं. ठण्ण! खोरं उडालं, दांड्याचा झटका खांद्यापर्यंत आला. मातीवर बोटभर ओरखडा. दुसरा घाव, तिसरा, पाचवा. सहाव्याला डोळ्यांपुढं काजवे चमकले. तो खोऱ्यावर रेलून उभा राहिला.

"तीन वर्सं हिला कायबी दिलं न्हाई," वस्ताद वरून म्हणाले. "ताक न्हाई, तेल न्हाई, हळद न्हाई, लिंबू न्हाई. सांग बरं, किती कमी झाली?"

"कमी कुठली... घट्ट झाली."

"आसं."

वस्तादांनी हातातल्या काठीनं मारुतीच्या कोनाड्याखालची जागा दाखवली. "आता त्यो कोपरा."

बसगोंडा पाय ओढतच गेला. अंगात त्राण नव्हतं, म्हणून खोरं नुसतंच खाली सोडलं. ते पात्याच्या वरपर्यंत आत गेलं. त्यानं ओढलं तशी माती भुसभुशीत होऊन बाहेर आली, तांबडी, ओलसर. आणि तो वास आला.

तोच वास.

बसगोंडा खाली बसला. मूठभर माती घेऊन नाकाशी धरली, आणि त्याला रडू फुटलं. पन्नाशीला आलेला, दांडगा माणूस, पोरासारखा रडला. लाजबीज काही वाटली नाही त्याला.

"ही मऊ कशी राहिली?" थोड्या वेळानं त्यानं विचारलं.

"दर शुक्रवारी हळद-लिंबू आन् तांब्याभर ताक घालतो. गुडघं दुखत्यात, म्हणून एवढ्याच कोपऱ्याला पुरतो मी."

"तीन वर्षं?"

"मग कोन घालणार? पंच?"

खोरं कडेला ठेवून बसगोंडा वर आला. उंबऱ्यापाशी उभा राहिला. विचारायचं तेच होतं, पण आता आवाज लहान झाला होता.

"वस्ताद, खोरं मला द्याल ना?"

"न्हाई."

"शंभराच्या आत आलो तरी?"

"शंभर तू म्हनालास. म्या कदी मागितलं?" वस्ताद पुन्हा लिंबं चिरायला बसले. "उद्या हितं पंदरा पोरं येतील. एखादं येडं घोंगडं पांघरून पळंल, चार दिस जेवनार न्हाई. त्याचं मनगट धरून तू काय सांगशील? सातशे?"

बसगोंडा हातावरची माती झटकू लागला. बाहेर कुणाच्या तरी म्हशी पाण्यावर चालल्या होत्या, त्यांच्या घंटा वाजत होत्या.

तेवढ्यात वस्तादांची सून जैतून ताट घेऊन आली. तिनं ते बसगोंड्यापुढं ठेवलं आणि डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, "वेगळ्या भांड्यात केलंय भावजी. आत्या सांगून गेल्यात तसंच."

ताटात ज्वारीच्या दोन भाकऱ्या, मोड आलेल्या मटकीची उसळ, मेथीची भाजी, कांदा, आणि पेलाभर ताक. तेलाचा तवंग नाही, तळलेलं काही नाही, गोडाचा कण नाही.

हात धुऊन बसगोंडा ताटावर बसला, आणि त्याचा हात खिशाकडं गेला. मोबाइल निघाला. बोट काचेवर थांबलं.

"भाकरी किती मोठी धरू..." तो पुटपुटला.

"तिच्याकडं बगून धर की. समोर तर हाय."

मोबाइल खिशात गेला.

"दोन भाकऱ्या जास्त होतील हो," त्यानं शेवटचा प्रयत्न केला.

"सहा म्हनत न्हाई म्या. सहा खायाचास तवा हजार बैठका मारायचास. भजी सोडलीस, झ्याक केलंस. पेढं सोडलंस, त्येबी झ्याक. भाकरीनं तुझं काय घोडं मारलं हुतं?"

बसगोंड्यानं पहिला घास मोडला. उसळीला लसणाची फोडणी होती, चाचीच्या हातची असायची तशी. तो हळूहळू खाऊ लागला. चावून चावून खाणं तो विसरूनच गेला होता. अडीच महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या हातापायांत ऊब उतरली. त्याला वाटलं, आपण घरी आलो.

दीड भाकरी संपली. मेथी संपली. उरलेला अर्धा तुकडा त्यानं ताटाच्या कडेला सारला, आणि उठू लागला.

वस्ताद ताटाकडं बघत होते.

"ते काय राहिलंय?"

"पोट भरलं."

"खरं?"

बसगोंड्यानं तुकड्याकडं बघितलं. या तालमीत खोटं बोलून कुणी मातीत उतरायचं नाही, हा रिवाज होता.

"नाही," तो म्हणाला. "भूक आहे. भीती वाटते, वस्ताद. काटा पुन्हा वर गेला तर? एकोणीस दिवसांत शंभराच्या आत नाही आलो तर? सगळ्यांसमोर बोलून बसलोय मी."

वस्तादांनी पुढचं लिंबू चिरायला घेतलं.

बसगोंडा पुन्हा बसला. तो अर्धा तुकडा त्यानं उसळीच्या रश्शात बुडवला आणि खाल्ला. मग ताकाचा पेला उचलला, अर्धा प्यायला आणि थांबला. उठून हौद्यात उतरला. मधोमध त्यानं केलेला तो बोटभर ओरखडा होता. उरलेलं ताक त्यावर ओतलं.

माती ते प्यायला वेळ लावत होती. थोडा वेळ ताक वरच पांढरं राहिलं, मग कडेनं हळूहळू आत जाऊ लागलं. बसगोंडा वाकून बघत राहिला.

"एकोणीस दिवसांत सगळा हौदा व्हायचा नाही," तो म्हणाला.

"न्हाई व्हायचा."

"मीही शंभरावर येणार नाही."

"येशील की. दिवाळीपातूर येशील, न्हाईतर हुळीला."

"पण मी पंचांसमोर म्हणालो होतो, या दारात पाऊल..."

"त्ये माझ्या कानावर न्हाई आलं. म्हातारा झालोय म्या."

बसगोंडा हसला, आणि हसता हसता डोळे पुसले.

दस्तगीर वस्तादांनी कडेला येऊन खोरं जवळ ओढलं. खांद्यावरच्या टॉवेलानं दांडा पुसला, वरपासून खालपर्यंत, एखाद्या पोराची पाठ पुसावी तसा. मग ते दोन्ही हातांनी हौद्याच्या कडेवरून खाली धरलं.

बसगोंड्यानं पेला ठेवला आणि दोन्ही हात पुढं केले.

"शुक्कीरवारी ताक तू आणायचं," वस्ताद म्हणाले. "दोन तांबे. एक मातीला."